जुन्या गाडीला नवे प्लग निवडताना

जुन्या गाडीचे स्पार्क प्लग बदलायचे म्हटलं की बहुतेक जण आत बसलेला प्लग काढतात, त्यावरचा नंबर वाचतात आणि तसाच दुसरा मागतात. नव्या गाडीत हे खपून जातं. तीस-चाळीस वर्षं चाललेल्या गाडीत मात्र तो प्लग कोणी आणि का बसवला याचा काही नेम नसतो. मधे कधीतरी हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) बदललेलं असतं. इंजिन तेल खातंय म्हणून कुणीतरी एक पायरी गरम प्लग घातलेला असतो. नाहीतर आटे जुळले एवढ्यावरच हाताला येईल तो प्लग बसवलेला असतो. चार सिलिंडरांतून दोन वेगळ्या नंबरांचे प्लग निघणं तर नेहमीचंच.

म्हणून सुरुवात गाडीच्या मॅन्युअलपासून करायची. तिथला नंबर आता बनत नसला तरी त्यावरून आजचा जोडीदार शोधता येतो. बोनेटखालचं स्टिकर शाबूत असेल तर तेही बघावं. इंजिन मूळचं नसेल तर गाडीचं मॉडेल विसरायचं आणि ब्लॉकवरच्या इंजिन नंबरावरून शोध घ्यायचा. प्लग इंजिनाचा असतो, गाडीचा नव्हे.

निवडीचा क्रमही ठरलेला ठेवावा: आधी मापं, मग हीट रेंज (प्लग उष्णता किती पटकन सोडतो ते), मग गॅप (ठिणगी पडते ती फट) आणि रेझिस्टर, आणि सगळ्यात शेवटी इलेक्ट्रोडचा, म्हणजे ठिणगी ज्यांच्यामध्ये पडते त्या टोकांचा धातू. लोक नेमकी उलटी सुरुवात करतात. इरिडियम घ्यायचा की प्लॅटिनम यावर तासभर खल होतो आणि आट्यांची लांबी कुणी बघतच नाही.

मापं

पहिलं माप आट्यांच्या व्यासाचं. बहुतेक मोटारींना १४ मिमी व्यासाचे, १.२५ मिमी पिचचे (लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर) आटे असतात. १८ मिमीचे प्लग जुन्या अमेरिकन फोर्ड व्ही-८ सारख्या इंजिनांत भेटतात. १२ आणि १० मिमीचे बरेचसे नंतरच्या इंजिनांत आणि मोटरसायकलींत. व्यास चुकला तर प्लग बसतच नाही, त्यामुळे ही चूक निरुपद्रवी.

खरा घोटाळा आट्यांच्या लांबीत होतो, कारण चुकीच्या लांबीचा प्लगही अगदी गोडीगुलाबीने आत जातो. १४ मिमीच्या सपाट बैठकीच्या प्लगांत ९.५, १२.७ आणि १९ मिमी या लांब्या सर्रास आढळतात. उदाहरण घ्या. एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटल आणि जुनी मिनी, दोघींचे आटे १४ मिमीचेच. पण बीटलला १२.७ मिमी लांबीचा प्लग लागतो आणि मिनीला १९ मिमीचा. मिनीचा प्लग बीटलमध्ये घातला तर सहा मिलिमीटरहून जास्त आटे ज्वलनकक्षात उघडे पडतात. नशीब खराब असेल तर पिस्टन किंवा व्हॉल्व्ह येऊन इलेक्ट्रोड ठेचतो. नशीब बरं असलं तरी ते उघडे आटे तापून लाल होतात आणि ठिणगी पडायच्या आधीच हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटवतात. शिवाय त्यांच्यावर कार्बन चिकटून घट्ट बसतो, आणि पुढच्या वेळी प्लग काढताना हेडचे आटे सोबत घेऊनच बाहेर येतो.

उलटी चूक, म्हणजे लांब हेडात आखूड प्लग, दिसायला सौम्य असते. ठिणगी भोकाच्या आत खोल पडते, गाडी जराशी मठ्ठ चालते, पेट्रोल थोडं जास्त जातं. पण हेडचे खालचे रिकामे आटे काजळीने भरत राहतात. पुढे कुणी योग्य लांबीचा प्लग बसवायला गेलं की तो अर्ध्यावर अडकतो, आणि पान्याला जोर लावला की आटे गेलेच. असा अडकलेला प्लग पुढे रेटू नये. आधी आटे साफ करण्याचा टॅप ग्रीस लावून हलक्या हाताने फिरवावा. घाण ग्रीसमध्ये अडकते, सिलिंडरमध्ये पडत नाही.

लांबी मोजताना व्हर्नियर बैठकीपासून आट्यांच्या शेवटापर्यंत लावायचा. बाहेर डोकावणारा इलेक्ट्रोड त्यात धरायचा नाही.

बैठक दोन तऱ्हेची. सपाट बैठकीच्या प्लगाला वॉशर असतो; निमुळत्या बैठकीच्या प्लगाला वॉशर नसतो, तो हेडमधल्या उतरत्या भागावर थेट टेकतो. या दोघांची अदलाबदल होत नाही. निमुळत्याला वॉशर घालून सपाट बैठकीवर बसवण्याची शक्कल कुठेकुठे दिसते. तिथून कॉम्प्रेशन फुसफुसतं आणि प्लगाची उष्णता हेडमध्ये जात नाही.

षटकोनाचं माप २०.८ मिमी, म्हणजे जुना २१ चा प्लगपाना, किंवा १६ मिमी. हा फरक फक्त पान्याचा. एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीचा बीपीआर६ईएस आणि बीसीपीआर६ईएस हे आटे, लांबी, हीट रेंज या सगळ्यांत सारखेच. दुसऱ्याचा षटकोन तेवढा लहान. मूळ माप मिळेना आणि प्लगाच्या खोबणीत पाना शिरतोय, तर हा पर्याय बेलाशक घ्यावा. रबरी टोपी नीट बसते ना एवढं पाहायचं.

वायर जोडतात त्या वरच्या टोकाकडेही लक्ष असू द्या. जुन्या वायरींचे काही क्लिप नुसत्या बारीक आट्यांवर बसतात, काहींना वर फुगीर गोंडा लागतो. बऱ्याच प्लगांचा गोंडा फिरवून काढता येतो. तो ठेवायचा असेल तर पक्कडीने घट्ट आवळा. हा सैल राहिला की वायर थरथरते आणि असं मिसिंग (मधेमधे ठिणगी चुकणं) सुरू होतं की ते शोधता शोधता कार्बोरेटर दोनदा खोलून होतो.

गरम प्लग, थंड प्लग

इथे एक गैरसमज हटत नाही. गरम प्लग जास्त गरम ठिणगी देत नाही. फरक असतो तो आतल्या चिनी मातीच्या नाकाचा. नाक लांब असेल तर उष्णतेला धातूच्या कवचापर्यंत पोचायला लांबचा रस्ता, म्हणून टोक गरम राहतं. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन हेडमध्ये निघून जाते. ठिणगीकडच्या टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. ४५० च्या खाली काजळी जळून जात नाही, साचत जाते आणि शेवटी ठिणगी गॅप सोडून काजळीवरून पळते. ९५० च्या आसपास गेलं की टोकच निखाऱ्यासारखं मिश्रण पेटवायला लागतं, आणि त्यात पिस्टनला भोक पडायला मिनिटंसुद्धा लागत नाहीत. काजळीवाला प्लग गाडी बंद पाडतो. जास्त तापणारा इंजिन संपवतो. म्हणून शंका असेल तेव्हा चूक थंडीच्या बाजूला झालेली परवडते.

आकड्यांची दिशा मात्र कंपनीगणिक बदलते. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात आकडा मोठा तितका प्लग गरम. त्यातही जुन्या बॉशवर तीन आकडी हीट व्हॅल्यू असे, डब्ल्यू१७५ किंवा डब्ल्यू२२५ सारखी, आणि तिची दिशा आजच्या बॉशच्या उलट, म्हणजे मोठा आकडा थंड. जुन्या मॅन्युअलमध्ये असा नंबर दिसला की घाईने अर्थ लावू नका.

एक जोडी लक्षात ठेवली की बाकीच्या पडताळता येतात: एनजीके बीपी६ईएस, डेन्सो डब्ल्यू२०ईपी, बॉश डब्ल्यू७डीसी आणि चॅम्पियन एन९वायसी हे एकाच घरातले. जुन्या युरोपीय आणि जपानी गाड्यांत यांची गाठ वारंवार पडते. यातला एनजीकेचा नंबर अक्षर-अक्षर सोडवून बघू. 'बी' म्हणजे १४ मिमी आटे आणि २०.८ चा षटकोन. 'पी' म्हणजे चिनी मातीचं नाक कवचाबाहेर डोकावणारं. '६' ही हीट रेंज. 'ई' म्हणजे १९ मिमी लांबी. त्या जागी 'एच' असता तर १२.७. 'एस' म्हणजे तांब्याच्या गाभ्याचा साधा इलेक्ट्रोड. 'पी' नंतर 'आर' आला तर आत रेझिस्टर आहे, आणि शेवटी ११ लिहिलं असेल तर कारखान्यात गॅप १.१ मिमी ठेवला आहे.

या 'पी'वर थोडं थांबायला हवं. डोकावणारं नाक कमी वेगाला लवकर तापतं आणि जास्त वेगाला आत येणाऱ्या थंड मिश्रणाने निवतं, त्यामुळे असा प्लग गर्दीतल्या आणि मोकळ्या रस्त्यावरच्या, दोन्ही चालींना सांभाळून घेतो. मूळ मॅन्युअलमध्ये 'पी' नसलेला प्लग असेल तरी डोकावणारा घेणं बहुधा फायद्याचंच. मात्र त्या इंजिनासाठी तो चालतो अशी कंपनीच्या तक्त्यात नोंद असेल तरच. काही जुन्या हेडांत पिस्टन प्लगाच्या इतका जवळ येतो की दीड-दोन मिलिमीटरचीही चैन नसते.

मॅन्युअलमधल्या हीट रेंजपासून हलायचं ते कारण असेल तर, आणि एका वेळी एकच पायरी. कॉम्प्रेशन वाढवलंय, टर्बो बसवलाय किंवा गाडी तासन्‌तास भरधाव आणि वजन ओढत चालते, तर एक पायरी थंड. गाडी फक्त छोट्या फेऱ्या मारते, इंजिन धड तापतच नाही आणि कार्बोरेटर ठीकठाक असूनही प्लग काळे होतात, तर एक पायरी गरम चालेल. रिंगा झिजून इंजिन तेल पितंय म्हणून गरम प्लग घालणं ही तात्पुरती मलमपट्टी. तेल कमी होत नाही, फक्त थोडे दिवस दिसत नाही.

काढलेले प्लग वाचा

नवे घ्यायच्या आधी जुने फेकू नका. पुठ्ठ्याला भोकं पाडून १ ते ४ लिहा आणि निघतील तसे त्यात खोचत जा. कुठल्या सिलिंडरचा कुठला हे विसरलं की निम्मी माहिती गेली. गाडी चांगली दहा-पंधरा किलोमीटर चालवून बंद केलेली असावी. नुसती जागेवर चालू ठेवून प्लग काढले तर सगळेच काळे दिसतात आणि काही कळत नाही.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. तोच नंबर, त्याच हीट रेंजचा घ्या. चारही प्लगांवर कोरडी, मखमली काजळी असेल तर मिश्रण जाड आहे (पेट्रोल जास्त, हवा कमी), चोक पूर्ण उघडत नाही किंवा एअर फिल्टर तुंबलाय. आधी ते सुधारा, प्लग बदलून काळेपणा जाणार नाही. एखादाच प्लग तेलकट, ओला, काळा असेल तर त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतील. टोक पांढरंफटक, त्यावर बारीक फोड किंवा वितळलेले मणी दिसले तर प्लग जास्त तापतोय: मिश्रण पातळ, टायमिंग पुढे (ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडते), प्लग गरम किंवा नुसता सैल बसलेला, यातलं काहीही असू शकतं. चार प्लगांतला एकच विलक्षण स्वच्छ, जणू वाफेने धुतलेला असेल तर हेड गॅस्केटमधून तिथे पाणी शिरतंय का ते तपासा. चिनी मातीचा टवका उडालेला असेल तर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकणं) आहे, किंवा कुणीतरी गॅप करताना मधल्या इलेक्ट्रोडवर जोर दिलाय.

बाहेरच्या पांढऱ्या चिनी मातीवर, कवचाच्या अगदी वर, तपकिरी कडं दिसतं. लोक त्याला गॅस गळतीचा डाग समजतात. तो तसा नसतो. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, एवढंच. त्याने काही बिघडत नाही. उभी काळी रेघ मात्र वेगळी. ठिणगी टोपीच्या आतून बाहेरच्या बाहेर कवचावर उडी मारते आहे. तिथे प्लगाबरोबर टोपीही बदला.

आणखी एक खूण फार थोडे जण बघतात. बाजूच्या इलेक्ट्रोडच्या आतल्या अंगाला वाटीसारखा खळगा पडला असेल तर कॉइलच्या वायरी उलट्या लागल्याची शंका घ्यावी. जुन्या, विशेषतः ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. पुढे कुणी ते निगेटिव्ह करून घेतलं आणि कॉइलच्या दोन वायरी अदलायच्या राहिल्या की ठिणगी उलट दिशेने उडते. मधला इलेक्ट्रोड तापलेला असतो, त्यामुळे तिथून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. उलट दिशेला तीच ठिणगी पाडायला बराच जास्त व्होल्टेज लागतो. निगेटिव्ह टोक बॉडीला असेल तर कॉइलची वजा खूण असलेली वायर डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवी. मिनिटाभरात तपासून होतं, आणि जुनं म्हणून नाव ठेवलेलं इग्निशन अचानक तरुण होतं.

गॅप आणि रेझिस्टर

पॉइंट-कंडेन्सरवाल्या (उघड-बंद होणाऱ्या धातूच्या संपर्कांवर चालणाऱ्या जुन्या) इग्निशनला बहुधा ०.६ ते ०.७ मिमी गॅप लागतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं तसा तो ०.८ ते १.१ वर गेला. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. 'आधीच गॅप केलेला' असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी मोजायचा, कारण तोच प्लग दहा वेगळ्या इंजिनांना जातो आणि वाटेत खोकं एकदा तरी पडलेलं असतं. ०.६ लागणाऱ्या मिनीला १.१ चा प्लग तसाच घातला तर रिकाम्या इंजिनावर सगळं छान वाटतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, कॉइल पुरी पडत नाही आणि गाडी धक्के देते.

गॅप बदलताना फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवायचा. कमी करायचा तर प्लग उलटा धरून लाकडावर अलगद टेकवायचा, वाढवायचा तर गॅपच्या हत्याराने बाहेर ओढायचा. मधल्या इलेक्ट्रोडचा टेकू घेतला की चिनी मातीला न दिसणारा तडा जातो. फीलर गेज (ठरावीक जाडीचं मोजायचं पातं) किंचित अडखळत सरकला की माप बरोबर. वापरलेल्या प्लगावर पातं चुकतं, कारण झिजलेला खड्डा ते ओलांडून जातं. तिथे गोल तारेचा गेज वापरा. साध्या निकेल प्लगाचा गॅप दर १०,००० किमीला साधारण ०.१ ते ०.१५ मिमी वाढतो.

गाडी एलपीजी किंवा सीएनजीवर चालत असेल तर गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतो. अशा गाडीत किटच्या पुस्तिकेत दिलेला गॅप पाळा. बहुधा तो पेट्रोलपेक्षा कमी असतो.

रेझिस्टर प्लगाच्या आत साधारण ५ किलोओमचा अडथळा असतो. तो रेडिओतली खरखर थांबवतो आणि इलेक्ट्रॉनिक भागांना गोंधळापासून वाचवतो. इंजेक्शन, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) किंवा नंतर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर 'आर'वालाच घ्या. निव्वळ पॉइंटवाल्या गाडीत मूळ प्लग विना-रेझिस्टर असला तरी 'आर'वाला घालून सहसा काही बिघडत नाही. फक्त रेझिस्टरची टोपी, कार्बनची वायर आणि रेझिस्टर प्लग असे तीन अडथळे एकापाठोपाठ रचू नका. दमलेल्या कॉइलला ते जड जातं.

धातू

पॉइंटवाल्या, कार्बोरेटरवाल्या गाडीला साधा निकेल इलेक्ट्रोडचा, तांब्याच्या गाभ्याचा प्लग घ्या. १५,००० ते २०,००० किमीला बदला. इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिमी इतकं बारीक असतं, त्यामुळे ठिणगीला व्होल्टेज कमी लागतो हे खरं आणि थंड इंजिन किंचित लवकर सुरू होतं हेही खरं. पण इरिडियमची खरी किंमत त्याच्या लांब आयुष्यात आहे. कार्बोरेटरचं जाड मिश्रण आणि झिरपणारं तेल महागड्या प्लगालाही तितक्याच आनंदाने काळं करतं. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत लाख किलोमीटर टिकणारा प्लग घालून काय करणार?

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या, डिस्ट्रिब्युटर नसलेल्या आणि एका कॉइलवर दोन प्लग पेटवणाऱ्या गाड्या याला अपवाद. त्यांत अर्ध्या प्लगांची ठिणगी कायम उलट्या दिशेने उडते आणि बाजूचा इलेक्ट्रोड झिजवते. तिथे फक्त मधल्या टोकावर प्लॅटिनम असलेला प्लग फुकट जातो. दोन्ही बाजूंना प्लॅटिनम असलेला घ्या, नाहीतर सरळ निकेल. दोन-तीन-चार बाजूंच्या इलेक्ट्रोडचे प्लग, इंजिनासाठी मुळातच सांगितलेले नसतील तर घेऊ नयेत. ठिणगी एका वेळी एकाच फांदीवर पडते.

विकत घेताना आणि बसवताना

नकली प्लग खोक्यावरून ओळखणं कठीण, हातात घेऊन सोपं. अस्सल प्लगाचा वॉशर फिरतो पण आट्यांवरून सहसा निघत नाही. नकलीचा बरेचदा हातात येतो. मधला इलेक्ट्रोड नाकाच्या बरोबर मध्यात हवा आणि बाजूचा त्याच्यावर सरळ. आटे नखाला खरखरीत लागता कामा नयेत. 'आर' लिहिलेल्या प्लगाच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा: काही किलोओम यायला हवेत. शून्य आलं तर आत रेझिस्टरच नाही.

इंजिन थंड असताना बसवा; ॲल्युमिनियमच्या हेडात तर गरम असताना हात लावूच नका. खोबणीतली माती आधी फुंकून काढा, जुना प्लग त्यानंतरच सोडवा. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून फिरवायला सुरुवात करा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, हेड वाचतं. बैठकीला टेकेपर्यंत नुसत्या बोटांनी जायला हवा. मग वॉशरवाला नवा १४ मिमी प्लग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, निमुळता फक्त एक-सोळांश. वॉशरवाला प्लग पुन्हा बसवत असाल तर एक-बारांश फेरा पुरे, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. टॉर्क रेंच असेल तर १४ मिमी वॉशरवाल्याला ॲल्युमिनियम हेडात २५ ते ३० न्यूटन-मीटर, निमुळत्याला १० ते २०. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारा लेप) लावलं असेल तर टॉर्क तीस टक्के कमी करा, नाहीतर तेवढ्याच आकड्यावर प्लग कितीतरी जास्त आवळला जातो. सैल ठेवणंही वाईट: उष्णता बैठकीतूनच बाहेर जाते, आणि सैल बसलेला योग्य प्लग चुकीच्या गरम प्लगासारखाच तापतो.

साधारण ५०० किमी झाले की चारही पुन्हा काढून रंग बघा. एव्हाना टोकावर फिकट तपकिरी छटा चढायला लागली असेल तर निवड जमली. पांढरं दिसलं तर टायमिंग आणि मिश्रण तपासेपर्यंत गाडी जोरात हाकू नका.